बूट पुसायचं पान

आमचे हे म्हणजे मिठाची गुळणी. चार शब्द बोलायचे तर चार दिवस लागतात. म्हणून ह्यांच्या धाकट्या भावानं आपल्या हौशी मंडळाच्या नाटकात ह्यांना बापाची भूमिका दिली, तेव्हा मी पोटभर हसले. मग भाऊजींनी आमच्याच बैठकीत स्वतः लिहिलेलं ते अख्खं नाटक वाचून दाखवलं. शेवटच्या प्रवेशात मुलगी कायमची घर सोडून निघते. ती बोलत राहते, आधी रागानं, मग रडत. बाप एक शब्द बोलत नाही. खाली बसून तिचे बूट पुसतो, पॉलिश लावतो, पुन्हा पुसतो. ते ऐकलं आणि माझं हसू विरलं. त्या आठवड्यात आमच्या घरात एक बूट मळका राहिला नाही.

ह्यांची नजर अधू. बारीक अक्षरांची जाडजूड संहिता वाचवेना. माझी धाकटी जाऊ ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते, तिनं मायेनं युक्ती काढली. नाटक एका फाइलमध्ये होतंच. तिनं छोटासा प्रोग्रॅम लिहिला: ओळीच्या सुरुवातीला 'बाप' दिसलं की तिथून उचलायचं, दुसऱ्या पात्राचं नाव आलं की थांबायचं. जे निघालं ते मोठ्या अक्षरांत छापून पाठवलं.

ह्यांनी सगळी पानं वाचली. मग शेवटची दोन पुन्हा उलटली. बूट पुसायचं पान त्यात नव्हतं.

"कापलं," हे म्हणाले.

"अहो, फोन करून विचारा की. विचारण्यात काय जातंय?"

"काय विचारायचं? पानं समोर आहेत."

"मग मी विचारते."

"खबरदार!"

मी गप्प बसले. खरं तर मलाही राग आला होता. सख्खा भाऊ, आणि न सांगता कात्री लावतो? दुसऱ्या दिवशी ह्यांनी निरोप धाडला, 'जमणार नाही.' भाऊजीही नाकावर माशी बसू न देणारे. एकाच माळेचे मणी दोघं. त्यांनी कारण विचारलं नाही. भूमिका मंडळातल्या शिंप्याकडे गेली. प्रयोग झाले, आम्ही गेलो नाही. पॉलिशची डबी कपाटात वाळून गेली.

परवा जाऊ आली. हे खिडकीशी बसले होते. नव्या नाटकाच्या गप्पा निघाल्या.

"आता माझा प्रोग्रॅम शहाणा झालाय, ताई. कंसातल्या सूचनाही उचलतो," ती हसत म्हणाली. "मागच्या वेळी काय फजिती! शेवटचा प्रवेश सगळा मुलीच्या नावाखाली, बापाचं काम तेवढं कंसात. सगळा प्रवेशच गळला की! शिंप्याला मी तीच पानं दिली, तर दुसऱ्याच दिवशी दारात हजर. 'वहिनी, माझं बूट पुसायचं पान कुठंय?'"

ह्यांनी मान वळवली.

"दुरुस्त करायला किती वेळ लागला?"

"वेळ कसला, दादा! एक ओळ वाढवली." मग तिनं आमचे चेहरे पाहिले आणि तिचं हसू गेलं. "दादा... तुम्ही त्या पानापायी नाटक सोडलंत?"

मीच सगळं सांगितलं. सांगताना माझी मलाच लाज वाटत होती. शिंप्यानं जे एका वाक्यात विचारलं, ते त्या दिवशी मी ह्यांचं 'खबरदार' धाब्यावर बसवून विचारलं असतं तर!

जावेच्या डोळ्यांत पाणी आलं. "तो प्रवेश ह्यांनी तुमच्यासाठीच लिहिला होता हो. म्हणायचे, माझ्या दादाला वाक्य लागत नाही. शिंप्यानं छान केलं, लोक रडायचे. पण हे प्रत्येक प्रयोगात तेवढा वेळ बाहेर जाऊन उभे राहायचे."

आमचे हे उठले. मला वाटलं, फोनकडे निघाले. पण ते दाराशी खाली बसले, जावेचे बूट पुढ्यात ओढले आणि फडक्यानं पुसायला लागले.

"दादा, अहो, नको!" ती म्हणाली.

मग मीच भाऊजींना फोन लावला आणि ह्यांच्या कानाशी धरला. पलीकडून भाऊजी म्हणत राहिले, "हॅलो... दादा? दादा, बोल की."

हे बूट पुसत राहिले.