पांढरी रेघ

नागापूरच्या एका कारखान्यात लेथवर काम करताना लोखंडाचा कीस उडून भीमराजच्या उजव्या डोळ्यात गेला, त्याला पाच आठवडे झाले होते. ऑपरेशन झालं, पट्टीही निघाली. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, की डोळ्यापुढून पांढरी रेघ सरकल्यासारखी वाटली तर पडदा सुटतोय असं समजायचं आणि लगोलग यायचं.

आणि सावेडीतल्या घरामागे, धुण्याच्या दगडापाशी साचलेल्या पाण्यावर, त्याला नेमकी तीच दिसली. सळसळत आली नि शेवग्याच्या पाल्यात विरली. एक डोळा झाकून बघावं एवढीही उसंत मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिथंच भांडी घासणाऱ्या बायकोला, पुष्पावतीला, त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं. तिला काहीच दिसलं नव्हतं. म्हणजे रेघ डोळ्यातलीच होती. अधू डोळ्याच्या माणसाला लेथवर कोण उभं करणार?

तिसऱ्या दिवशी कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं, प्रज्ञानं, खोदून विचारलं तेव्हा कुठं तो बोलला. ती चरकली, पण कपाटातून कॅमेरा घेऊन आली. भीमजयंतीच्या मिरवणुकीचे फोटो काढून रिळात चारच उरले होते.

"अण्णा, उद्या दवाखान्यात जायचंच. पण रेघ डोळ्यातली असली, तर फोटोत येणार नाही."

दुपारभर तो मागच्या दारात बसून राहिला. रेघ सरकली की बटण दाबायचा. चारही फोटो संपले, तसं प्रज्ञानं रीळ धुवायला टाकलं.

सकाळी पाकीट आलं. तीन फोटोंत नुसता दगड नि बादली. चौथ्यात पाण्याच्या काठाला काळ्या डोक्याचं, पांढरंशुभ्र पाखरू, अन् मागं वीतभर लांब, फितीसारखी शेपटी. स्वर्गीय नर्तक म्हणतात याला, प्रज्ञा म्हणाली. भीमराजनं डावा डोळा झाकला आणि नुसत्या उजव्यानं ती शेपटी टोकापर्यंत पाहिली.

पुष्पावतीनं पदरानं तोंड पुसलं. "तीन दिस एकट्यानंच सोसलं व्हय? मला सांगायचं हुतं."

भीमराजनं फोटो तिच्या हातात दिला.

दवाखान्यात डॉक्टरांनी बॅटरी मारून बराच वेळ तपासलं. पडदा जागच्या जागी होता. पंधरा दिवसांनी कामावर जा, म्हणाले. घरी आल्यावर भीमराज मागच्या दाराकडे पाठ करून आडवा झाला, तो दिवेलागणीलाच उठला.