शेवाळाच्या सुपाचा दोष

सकाळी सातला म्यॉन्जाने थोरल्या बहिणीपुढे समुद्री शेवाळाच्या सुपाचा वाडगा ठेवला. सॉन्हेताईला आज सत्तर वर्षं पूर्ण झाली होती, आणि वाढदिवसाला हे सूप न पिणारा माणूस कोरियातल्या टोंगयॉन्गच्या बंदरात अजून जन्मायचाय. ताईने दोन चमचे घेतले. तिसरा तोंडापाशी येऊन थांबला.

"म्यॉन्जा, आज तीन वाजता माझा कार्यक्रम आहे."

"माहीत आहे की. हॉलबाहेर तुझा फोटो लावलाय, वीस वर्षांपूर्वीचा..." आणि म्यॉन्जाच्या हातातलं झाकण खाली पडलं. "अगं बाई!"

शेवाळ निसरडं. परीक्षेच्या दिवशी पोटात गेलं की माणूस घसरलाच म्हणून समजा. लहानपणी ताईच्या परीक्षांच्या दिवसांत आईने ते घरात शिरूच दिलं नव्हतं. म्यॉन्जाचे दोन वाढदिवस त्यापायी बिनसुपाचे गेले. आणि आज तिनेच पहाटे उठून, शिंपले घालून, मन लावून ते उकळलं होतं.

ताईने चमचा ठेवला. "मी जात नाही."

खरं दुखणं सुपाचं नव्हतं. गेल्या शरदात सोलच्या मंचावर पियानो वाजवता वाजवता ताईला पुढचं आठवेना. ती उठली, वाकून नमस्कार केला आणि आत गेली. त्यानंतर आजच पहिल्यांदा लोकांसमोर बसायचं होतं. स्वरलिपी समोर ठेवा, पानं उलटायला माणूस देते, असं हॉलच्या संचालिका तॅकबाई दोनदा सांगून दमल्या. ताईचं उत्तर ठरलेलं, "पन्नास वर्षं कागद ठेवला नाही. आता ठेवला तर म्हणतील, म्हातारी विसरायला लागली." आज ही घरी राहिली तर पुन्हा मंचावर पाय ठेवायची नाही, हे म्यॉन्जाला स्वच्छ दिसत होतं.

ती फरशी पुसता पुसता थांबली. "ताई, मग आज कागद घे."

"सांगितलं ना एकदा!"

"वयामुळे नाही गं. माझ्यामुळे. तुझ्या वेंधळ्या बहिणीने तुला सूप पाजलंय. आता कागदाशिवाय बसणं म्हणजे वेडेपणाच."

ताईने डोळे बारीक केले. "तू मुद्दाम केलंस?"

"एवढी अक्कल असती तर चाळीस वर्षं दुकानात गिंबापच्या भाताच्या सुरळ्या वळत बसले असते का?"

ताईने वाडग्याकडे पाहिलं. मग तिने फोन उचलला. "तॅकबाई, जरा घोटाळा झालाय. आज सकाळी मी शेवाळाचं सूप प्यायले."

"आज? अहो, कुणी दिलं?"

"बहिणीने."

"काय हो ही माणसं! मग कागद पाहिजेतच. पानं उलटायला कुणाला बोलावू?"

"कुणाला नको. जिने घसरवलंय तीच सावरेल."

म्यॉन्जाने दोन्ही हात हलवले. "मी? लहानपणी चार वर्षं शिकले तेवढंच! हाताला माकूल मासळीचा वास येतो माझ्या!"

"लिंबू चोळ," ताई म्हणाली आणि वाडगा पुन्हा पुढे ओढला. "आता घसरायचंच आहे तर पोटभर घसरू."

तीन वाजता हॉल भरला होता. म्यॉन्जा दुसऱ्याचा काळा कोट घालून ताईच्या डावीकडे, जरा मागे बसली. ताईने मान हलवली की उठायचं, वरचा कोपरा धरायचा, उलटायचं, बसायचं. पहिली रचना निभावली. दुसऱ्या, संथ रचनेच्या मध्यावर ताईचे हात थांबले.

हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. ताईने कागदाकडे पाहिलं, डोळे किलकिले केले. मग सगळ्यांदेखत कोटाच्या खिशातून चष्मा काढला, पदराने पुसावा तसा बाहीने पुसला आणि नाकावर चढवला.

"माफ करा," ती लोकांना म्हणाली. "चार ओळी मागे जाऊन पुन्हा घेते."

तिने घेतल्या. या वेळी सूर आणखी सावकाश आले, जणू घाई करायला कुठे जायचंच नव्हतं. पान संपत आलं, ताईने मान हलवली, म्यॉन्जाने श्वास रोखून ते उलटलं.

"हळू," ताई ओठ न हलवता पुटपुटली, "वारा लागतोय."

पुढचं पान म्यॉन्जाने झोपलेल्या बाळाची दुलई सारावी तसं उलटलं.