खिडकी दहा, थांब तीस

क्वानचा निरोप आला तेव्हा साऊ ही बान नावाच्या कालव्यावर, खारं पाणी अडवणाऱ्या पाणदाराशी, राखणदाराच्या खोलीत प्रिंटरशी झगडत बसली होती. निरोप दोन ओळींचा होता. "साऊ ताई, आज दुपारी बारापर्यंत 'मान्य' लिहा. नाही लिहिलंत तर सांभाळणाऱ्यांच्या यादीतून तुमचं नाव काढावं लागेल."

तिनं तो वाचला, फोन पालथा ठेवला आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला.

'फू सा' ही लायब्ररी, म्हणजे कुणालाही वापरता येणारा तयार कोड, तिनं सहा वर्षांपूर्वी एकटीनं लिहायला घेतली होती. फू सा म्हणजे नदीचा गाळ. नदीतल्या मीटरांकडून खारटपणाचे आकडे अखंड वाहत यायचे. ते झेलायचे, त्यांचे गट करायचे आणि दार उघडं ठेवायचं की लावायचं ते सांगायचं, एवढंच तिचं काम. पुढं ती दूरदूरचे लोक वापरायला लागले, कुणी बँकेत, कुणी कारखान्यात. सांभाळायला पाच जण झाले आणि कारभार हनोईच्या क्वानकडे गेला. साऊला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. माणूस कामाचा होता.

भांडण होतं एका मेथडवरून, म्हणजे कोडच्या एका तुकड्यावरून, आणि तेही तिच्या पहिल्या ओळीवरून. मेथडला हाक कशी मारायची हे ती ओळ ठरवते. या मेथडला दोन आकडे लागत. एक खिडकीचा, म्हणजे किती मिनिटांच्या आकड्यांचा एक गट करायचा. दुसरा थांबायचा, म्हणजे उशिरा येणाऱ्या आकड्यासाठी किती मिनिटं वाट बघायची. सुरुवातीला साऊनं ते नुसते एकापुढं एक लिहायची सोय ठेवली होती. दहा, तीस. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या कालव्यावर कुणीतरी ते तीस, दहा असे लिहिले. मशीननं तक्रार केली नाही. तिला दोन आकडे हवे होते, ते मिळाले. खाडीकडचा मीटर उशिरा बोलायचा. त्याचे आकडे दहा मिनिटांत आले नाहीत म्हणून टाकून दिले गेले. वरच्या दोन मीटरांनी पाणी गोड आहे म्हणून सांगितलं. दार उघडंच राहिलं, खारं पाणी आत शिरलं आणि चौदा घरांची दुरियन या फळाची रोपं आठ दिवसांत करपली.

त्यानंतर साऊनं ती ओळ बदलली. आकडा द्यायचा तर त्याचं नाव लिहूनच द्यायचं, खिडकी अमुक, थांब तमुक. नाव नसेल तर मेथड चालणारच नाही. क्वानला आता नव्या आवृत्तीत ही सक्ती काढायची होती.

दहा वाजता व्हिडिओ कॉल लागला. बाकीचे तिघं चौकोनात गप्प बसून होते; त्यांनी मत आधीच दिलं होतं. लायब्ररीचा नियम असा की मेथड बदलायला ती ज्यानं लिहिली त्याची मान्यता लागते. म्हणून गाडं अडलं होतं.

"ताई, बाकीच्या चाळीस मेथडमध्ये नुसते आकडे चालतात," क्वान म्हणाला. "ही एकटीच अडून बसते. लोक विचारतात, तुमच्याकडे एवढं टाइप का करायला लावता?"

"दोन शब्द जास्त टाइप करावे लागतात. बोटं झिजतात का त्यांची?"

"झिजत नाहीत, कंटाळतात. आणि हल्ली कोड लिहायचा एडिटर आपणहून दाखवतो ना, कुठला आकडा कशाचा ते."

"ताम काकांकडे एडिटर नाही. कागद आहे."

ताम काका या दाराचे राखणदार. ते मागं स्टुलावर बसून चहा ओतत होते. नाव ऐकून त्यांनी मान लांब केली. "मला बोलावलं?"

"नाही काका. तुमचं उदाहरण देतेय."

"मग फुकट देऊ नको."

पडद्यावरचं कुणीतरी हसलं. क्वान हसला नाही. "ताई, कोड प्रोग्रामर वाचतात. राखणदारासाठी लायब्ररी बनवत नाही कुणी."

"मी बनवली होती."

क्वान समजावणीच्या सुरात म्हणाला, "पहिला आकडा खिडकीचा, दुसरा थांबण्याचा. क्रम ठरलेला आहे, लिहून ठेवलेला आहे. क्रम कळायला कितीसं डोकं लागतं?"

साऊ खुर्चीत सरळ झाली. "क्वान, तू तीन वर्षं मला साऊ म्हणतोस. साऊ म्हणजे सहा. मी आईबापांची कितवी?"

"सहावी."

ताम काकांच्या हातातली किटली हलली, इतके ते हसले. "पाचवी रे बाबा. आमच्याकडं दक्षिणेत थोरल्याला दोन म्हणतात. पहिला कुणी नसतोच. मी ताम, म्हणजे आठ, पण आहे सातवा."

"मला कुणी सांगितलं नाही कधी," क्वान म्हणाला.

"क्रम ठरलेलाच होता," साऊ म्हणाली. "आमच्या घरात सगळ्यांना माहीत होता."

"हे मजेचं आहे, ताई, पण हा मुद्दा होत नाही." त्यानं घड्याळाकडं पाहिलं. "बारा वाजेपर्यंत वाट बघतो." आणि चौकोन एकेक करून विझले.

काकांनी तिच्यापुढं पेला सरकवला. "लिहून का टाकत नाहीस? तुझं नाव राहील."

"नाव राहील आणि ओळ जाईल. मग त्या नावाचं करू काय?"

काकांनी पुढं विचारलं नाही. कामही पडलं होतं. पुनवेची भरती तोंडावर आली होती आणि खाडीकडचा मीटर आठवड्यापूर्वी आणखी खाली, खारफुटीत हलवला होता. दाराची नवी मांडणी, म्हणजे मीटरांची नावं आणि आकडे मेथडला देणारा मजकूर, आज चालू करायची होती. इथली रीत अशी की साऊनं मांडणी कागदावर छापायची, काकांनी वाचायची, खाली सही करायची आणि मगच ती चालू व्हायची. काका वयाच्या बावन्नाव्या वर्षी रात्रीच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकले होते. वाचताना ते प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत आणि कुणी घाई केली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

"अक्षरांच्या डोक्यावरच्या खुणा कुठं गेल्या?" त्यांनी नेहमीप्रमाणं विचारलं.

"उच्चाराच्या खुणा मशीनला चालत नाहीत."

"आळशी आहे मशीन." बोट खाली सरकलं. मीटरांची नावं झाली, खारटपणाची मर्यादा झाली. मग बोट थांबलं. "थांब, दहा," काकांनी वाचलं. ते उठले, खुंटीवरची वही काढली आणि पानं उलटली. "खारफुटीतला मीटर काल बोलला चोवीस मिनिटं उशिरा. परवा सव्वीस. दहा मिनिटं थांबून काय मिळणार तुला?"

साऊनं कागद ओढून घेतला. खिडकी तीस, थांब दहा. तिच्याच हातानं लिहिलेलं. सकाळी क्वानचा निरोप डोक्यात घोळत असताना तिनं आकडे उलटे टाकले होते. पलीकडच्या कालव्यावर झाली तीच चूक, आणि ही तर मेथड लिहिणारीच्या हातून.

काकांनी वही मिटली. "दुरुस्त कर आणि पुन्हा छाप. मी बोलणार नाही कुणाला."

"मी बोलणार आहे," साऊ म्हणाली.

तिनं चुकीच्या कागदाचा फोटो काढला. काकांचं बोट त्या शब्दाखालीच होतं, ते तसंच राहू दिलं. मग लायब्ररीच्या चर्चेच्या पानावर, जिथं जगातला कुणीही वाचू शकत होता, तिथं फोटो लावून लिहिलं: 'ही मेथड मी लिहिली. आज सकाळी तिला आकडे उलटे मीच दिले. मशीनला कळलं नाही. मलाही कळलं नाही. दाराचे राखणदार ताम काका यांना कळलं, कारण आकड्याशेजारी त्याचं नाव होतं. नुसतं तीस, दहा असतं तर त्यांनी खाली सही केली असती आणि उद्याच्या भरतीला इथली रोपं गेली असती. कोड फक्त प्रोग्रामर वाचतात असं ज्यांना वाटतं त्यांनी इथं येऊन दार लावावं. मला मान्य नाही.'

साडेअकराला क्वानचं उत्तर आलं. 'चूक सापडली हे बरं झालं. पण एका दारासाठी सगळ्यांची ओळ लांब ठेवता येणार नाही.' त्याखाली कुणा अनोळखी माणसानं लिहिलं होतं, 'आमच्या कारखान्यात पण कागदच असतो.'

बारा वाजून पाच मिनिटांनी साऊचं नाव यादीतून गेलं. आधी पाच नावं होती, आता चार. नियमात लिहिणाऱ्याची मान्यता लागायची. लिहिणाराच यादीत नसेल तर लागत नव्हती. हे क्वानला ठाऊक होतं. तिलाही होतं.

जुन्या लायब्ररीची पुरी प्रत तिनं सकाळीच स्वतःच्या जागी काढून ठेवली होती. ती उघडली, वर आपलं नाव लिहिलं, आणि त्या मेथडच्या डोक्यावर एक ओळ घातली: 'नावं काढायची असतील तर आधी दारावर येऊन ताम काकांना विचारा.' मग दाराची मांडणी त्या प्रतीवर लावली, आकडे जागेवर घातले आणि कागद पुन्हा छापला.

काकांनी पहिल्या शब्दापासून वाचायला घेतलं. साऊनं घाई केली नाही. बाहेर भरतीचं पाणी दाराला लागून वर चढत होतं.

"खिडकी, दहा," काका म्हणाले. "थांब, तीस." त्यांनी पेन मागितलं. "काढलं का तुला?"

"काढलं."

"मग आता तुझं चालवणार कोण?"

"या नदीवरची अकरा दारं माझ्याकडं आहेत, काका. दुसरं आज दुपारीच बदलते."

काकांनी सावकाश, सगळी अक्षरं काढत सही केली. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि खिळ्याला अडकवला. "जेवून जा," ते म्हणाले. "दहा दारं उरलीत, ती काही उपाशी मरणार नाहीत."