चौदाव्या प्रश्नाला पाच

"चौदाला पाच? हे पाच आले कुठून?"

नंदकुमार सरांनी फॉर्म नाकाला लागेल इतका जवळ धरला. जणू आकडा वरून चिकटलाय आणि फुंकर मारली की उडेल.

"बाईंनीच लिहिलेत, सर," चारुदत्त म्हणाला.

"दोन आठवड्यांपूर्वी याच बाईंनी एक लिहिला होता. एक म्हणजे 'अजिबात नाही', पाच म्हणजे 'अगदी खरं'. अरे, माणूस पंधरा दिवसांत इतका हलत नाही. माझ्या लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, शोभाचं माझ्याबद्दलचं मत अर्ध्या पॉइंटनं सरकलेलं नाही."

चौदावं वाक्य असं होतं : 'मी दिसेनासा झालो, तर इथे कुणाच्या तरी ते लक्षात येईल.'

आपण राहतो तिथले आहोत असं माणसाला किती वाटतं, हे वीस वाक्यांत मोजणारी ही प्रश्नावली. ती वेगवेगळ्या भाषांत आणायचं ठरलं तेव्हा पंजाबी, तगालोग वगैरे टोरांटोवाल्यांनी आधीच पळवल्या. कॅनडातल्याच रेजिनाच्या विद्यापीठाला उरली जपानी. सरांना जपानीतला 'ज' येत नव्हता. चारुदत्तला येत होती, कारण पुण्यात त्याची निम्मी गल्ली जपानी शिकत होती. बाकीचे ओसाकाला गेले, हा रेजिनाला आला. कसा, ते त्यालाही धड सांगता येत नसे. तर असे दोन मराठी गृहस्थ सस्कॅचवानच्या बर्फात बसून जपानी माणसाचा एकटेपणा मोजत होते, आणि विद्यापीठात कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

भाषांतर झालं. ते नीट झालंय का हे बघायला उलटं भाषांतरही झालं. आता तीस जपानी बोलणारी माणसं गाठून प्रत्येकाकडून फॉर्म दोनदा भरून घ्यायचा, मध्ये दोन आठवडे सोडून. दोन्ही खेपांना उत्तरं सारखी आली तर प्रश्नावली भरवशाची. म्हणजे शास्त्राची अपेक्षा एवढीच, की या पंधरा दिवसांत कुणाच्याही आयुष्यात काहीही घडू नये. रेजिनात जानेवारीत ही अट आपोआप पाळली जाते.

माणसं मिळवताना मात्र जीव गेला. सुशीच्या दुकानाचा मालक कोरियन निघाला. एक गृहस्थ अस्खलित जपानी बोलत, पण फक्त कुत्र्याशी. जे मिळाले ते इतके सभ्य, की बहुतेक वाक्यांना मधला तीन देऊन मोकळे. न होकार, न नकार. तिसाव्या म्हणून त्सुरुओका-सान मिळाल्या. वय एक्क्याऐंशी, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, बसच्या शेवटच्या स्टॉपपाशी छोटंसं घर. त्यांनीही एकोणीस वेळा तीन लिहिला. आणि चौदाव्याला, जरा वेळ पेन टेकवून, एक.

फॉर्म घेऊन चारुदत्तने निघायला हवं होतं. पण पायऱ्यांवर बर्फ होता, म्हणून त्याने फावडं घेऊन शोव्हल केलं. शोव्हल केलं म्हणून चहा मिळाला. चहा पिताना टीव्हीवर कर्लिंगचा खेळ चालू होता. एक बाई बर्फावरून दगड सोडते आणि दोघी त्याच्यापुढे झाडू मारत पळतात. चारुदत्तला वाटलं, मॅच संपली आणि साफसफाई चाललीय. त्सुरुओका-सान इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

मग तो मंगळवारी गेला. शुक्रवारी गेला. पुढच्या मंगळवारी त्याला उशीर झाला, तर त्या कोट न घालता दारात उभ्या.

"अकरा मिनिटं," त्या जपानीत म्हणाल्या.

"बस चुकली हो."

"मी चार वेळा खिडकीशी गेले. मॅचचा सगळ्यात सुंदर दगड माझा हुकला. तुमच्यामुळे."

त्याच्यावर असं ओरडणारं इथल्या तीन वर्षांत कुणी नव्हतं. त्याला इतकं बरं वाटलं की शुक्रवारी तो मुद्दाम पाच मिनिटं उशिरा गेला, आणि पुन्हा बोलणी खाऊन तृप्त झाला. त्याच दिवशी त्याने त्यांच्याकडून दुसरा फॉर्म भरून घेतला. पाच आले ते त्यात.

हे सगळं त्याने सरांना सांगितलं. सरांनी चष्मा काढला.

"म्हणजे पंधरा दिवसांतली घटना तूच की रे! तुला मोजायला पाठवलं होतं, घडायला नाही."

"सॉरी, सर."

"आता एकच उपाय. तिसरा फॉर्म पोस्टाने पाठवायचा, दोन आठवड्यांनी. तोवर जायचं नाही, फोन करायचा नाही, कारणही सांगायचं नाही. कारण सांगितलं की तेही उत्तरात उतरतं. तीस भरले नाहीत तर मार्चनंतर प्रोजेक्ट नाही. प्रोजेक्ट नाही तर तुझं वर्क परमिट... तुला माहितीये."

"हो, सर."

हे दोन शब्द उच्चारायला त्याला जितका वेळ लागायला हवा होता, तितका लागला नाही.

दोन आठवडे तो भाड्याचं बेसमेंट ते ऑफिस आणि ऑफिस ते बेसमेंट करत राहिला. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तो कॉम्प्युटरवर बाकीच्यांचे तीनाचे आकडे तपासत बसे. तीन बरोबर आहे, पुढचा तीन, बरोबर आहे. या काळात त्याची आठवण काढणारे एकूण तिघे : दाताच्या डॉक्टरचं ऑफिस, ग्रंथालय, आणि 'वी मिस यू' म्हणणारं एक पिझ्झाचं ॲप. ॲपला द्यायचं उत्तर त्याने बराच वेळ टाइप करून खोडलं.

मग पाकीट आलं. एकोणीस तीन. चौदाव्याला एक.

"वा! काय सुंदर एक आहे!" सर खुर्चीतून उठले. "पहिल्यासारखाच. स्टेबल! तीस झाले, चारुदत्त. जा आता, बघ जाऊन तुझं ते झाडू मारणं."

तो त्याच दुपारी गेला. पायऱ्यांवरचा बर्फ कुणीतरी काढला होता, अगदी एक पाऊल मावेल एवढाच. दार उघडलं. त्सुरुओका-सान कमरेत वाकल्या. इतक्या खोल त्या आजवर कधी वाकल्या नव्हत्या.

"मी येऊ शकलो नाही," तो म्हणाला. "म्हणजे मला येऊ दिलं..."

"नाही, नाही. चूक माझी. मी पाच लिहिले आणि तुम्ही यायचं थांबलात. तेव्हा कळलं मला, पाच फार झाले. चार वेळा कुणी चहाला आलं म्हणून लगेच पाच लिहायचे नसतात. तुम्हाला ऑफिसात बोलणी बसली असतील."

"तसं नाही हो."

"म्हणून परत एक केला. आता बरोबर आहे ना?"

पुण्यात चारुदत्तने जपानीत माफी मागायचे नऊ प्रकार पाठ केले होते. वरिष्ठांची, गिऱ्हाइकाची, गाडी उशिरा आल्याबद्दल प्रवाशांची. त्यातलं एकही वाक्य या दारासाठी नव्हतं. तो उंबऱ्यावरच उभा राहिला, आणि उणे अठ्ठावीसची हवा त्याच्या बाजूने घरात शिरत राहिली.

त्याचा चेहरा पाहून त्या घाबऱ्या झाल्या. एप्रनच्या खिशात हात घालून त्या काहीतरी चाचपू लागल्या.

"एक हा आकडाही चुकला असेल तर सांगा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे खोडरबर आहे."