चार किलो वाफ

आमच्या धंद्यात माफ न होणारं पाप एकच, आणि ते मी केलं. मास्टर गेज पाडला आणि कोणाला सांगितलं नाही.

मास्टर गेज म्हणजे दाब मोजायचा आमचा खात्रीचा काटा. वसई पूर्वेला गाळ्यागाळ्यात बॉयलर, कॉम्प्रेसर, प्रेस चालतात. त्यांच्यावरचे गेज वर्षातून एकदा तपासून घ्यावे लागतात. मी मास्टर घेऊन जातो, त्यांचा गेज आणि माझा एकाच पंपावर चढवतो आणि दाब देतो. दोन्ही काटे जुळले तर उत्तम. नाही जुळले तर त्यांचा काटा उपटून माझ्याप्रमाणे बसवतो आणि वर तारखेचा स्टिकर चिकटवतो. माझाच काटा चुकला असेल तर, हे कोणी विचारत नाही. बावीस वर्षांत मीही कधी विचारलं नव्हतं.

गेल्या फेब्रुवारीत सातिवलीला एका खड्ड्यात स्कूटर आपटली आणि मागे बांधलेली पेटी रस्त्यावर पडली. नियम साधा आहे. मास्टर पडला की वापरायचा नाही, मोठ्या लॅबकडे तपासायला पाठवायचा. त्यात पंधरा दिवस जातात. मार्च तोंडावर आलेला, सगळ्यांना ऑडिटची घाई, आणि आमच्या छोट्या लॅबकडे मास्टर एकच. मी रस्त्याच्या कडेला पेटी उघडली. काच शाबूत, काटा शून्यावर. शून्यावर आहे म्हणजे वरही बरोबरच असणार, असं मनाशी म्हणून पेटी बंद केली. एखाद्या नवख्याने ही चूक केली असती तर मी त्याची सालटी काढली असती.

त्याच आठवड्यात गंगारामदादांचा गेज तपासायला गेलो. दादा खाडीकडच्या गावातले, वालीवच्या एका रबराच्या कारखान्यात तीस वर्षं बॉयलर सांभाळत होते. तिथे कच्चं रबर बंद भांड्यात घालून चार किलो दाबाच्या वाफेवर शिजवतात. दाब कमी पडला की माल चिकट राहतो. त्यांचा गेज माझ्यापेक्षा अर्धा किलो कमी दाखवत होता. मी काटा उपटला, पुढे सरकवला, गेज परत भांड्यावर लावून दिला.

काटा चारवर आला तेव्हा दादांनी मान वाकडी करून वाफेचा आवाज ऐकला. "ही चार किलोची वाफ नाय, हरेशभाऊ. साडेतीन असंल. मना आवाज ठाव हाय."

"दादा, मास्टरपुढे कानाचं काय चालणार?" मी हसत म्हटलं आणि स्टिकर लावला.

दादांनी कानाचंच ऐकलं. काटा साडेचारवर येईपर्यंत वाफ द्यायचे आणि माल नेहमीसारखा चोख उतरायचा. वहीत मात्र साडेचारच लिहायचे. लबाड माणसाने चार लिहिलं असतं आणि सुखाने रिटायर झाला असता. मे महिन्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाचा ऑडिटर आला. त्याने वही चाळली, तर बॉयलरवाला रोज ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त दाब देतोय आणि वर तसं लिहूनही ठेवतोय. कारखान्याच्या मॅनेजरने मला फोन केला, गेज बरोबर आहे का ते लेखी द्या. मी जागेवर गेलोसुद्धा नाही. टेबलावर बसून लिहून दिलं, गेज अचूक, चूक चालवणाऱ्याची. त्या कागदावर तीस वर्षं राबलेला माणूस एका दुपारी घरी बसला.

जानेवारीत मास्टर वार्षिक तपासणीला गेला. परवा रिपोर्ट आला. शून्यावर ठीक. चार दाखवतो तेव्हा खरा दाब साडेतीन.

मी तो आकडा तीनदा वाचला. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. कुंपणच शेत खातं म्हणतात, इथे कुंपणाने दोनशे बारा शेतं खाल्ली होती. अकरा महिन्यांत मी तेवढे गेज बिघडवले होते आणि प्रत्येकावर माझी सही होती.

आमचा मालक जॅक्सन पापडी गावचा, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. माणूस वाईट नाही, ते आधीच सांगतो. पेटी पडल्याचं मी त्याला सांगून टाकलं.

"काटे जास्तच दाखवतात ना? मग कोणाचा बॉयलर फुटणार नाही," तो म्हणाला. "नवीन मास्टर मागवतो. पुढच्या फेरीत सगळे गुपचूप नीट कर. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"निदान गंगारामदादांच्या कारखान्याला एक पत्र देऊ."

"एक दिलं की दोनशे बारा द्यावी लागतील, हरेशदादा. मग लॅबला टाळं. सात जणांची घरं आहेत इथे." मग हळूच म्हणाला, "आणि पाडला कोणी?"

मी रिपोर्ट फाईलला लावला. माझंही घर त्या सातांतलंच.

तरी रविवारी सकाळी एव्हरशाईन सिटीत गेलो. दादा तिथे एका बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन आहेत, असं कळलं होतं. निळा शर्ट खांद्यावरून उतरत होता. कानात मशीन होतं.

"प्रेमलताने घ्यायला लावलं," ते म्हणाले. प्रेमलता म्हणजे वहिनी. "कानानं दगा दिला ना. रोज साडेचारवर नेत व्हतो. फुटलं असतं तं आठ मानसं मेली असती. रातचं डोल्याला डोला लागत नाय. गावात पन बोलतात, म्हातारा बॉयलर फोडनार व्हता."

मी सगळं सांगितलं. स्कूटर, पेटी, शून्यावरचा काटा, रिपोर्ट. तुमचे साडेचार म्हणजे खरे चारच होते, कान बरोबर होता, चूक माझी होती. दादांनी खुर्चीची पाठ धरली आणि हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. मला वाटलं, चला, एवढं तरी जमलं.

"म्हंजे कोन मेलं नसतं?"

"कोणी नाही, दादा."

त्यांनी वॉचमनच्या वहीचं एक कोरं पान फाडलं, वहीवर ठेवून पेनसकट माझ्यापुढे धरलं.

"हे लिवून दे. तवा दिलंस ना, तसं. दोनच ओली. मॅनेजरला दाखवतो, गावात दाखवतो."

पेन माझ्या हातात आलं. मी 'गेज' एवढा शब्द लिहिला. खाली सही करावी लागेल, हे मला दिसत होतं. मी पेन परत दिलं.

"कागद नको, दादा. मी तोंडी सांगतो ना. मॅनेजरला सांगतो, वहिनींना सांगतो, तुम्ही म्हणाल त्याला सांगतो."

दादांनी ते पान घडी करून खिशात ठेवलं.

"तोंडी तं मी पन सांगत व्हतो," ते म्हणाले.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि ते गेट उघडायला गेले.