विसावी चिठ्ठी

टक्. डबीचं झाकण उघडल्याचा एवढासा आवाज झाला, पण गप्प बसलेल्या खोलीत सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. डोळ्यांनी साथ सोडल्यापासून सासरे अशी कामं तिच्याच हातून करवून घेत. आज त्यांचं पदक संग्रहालयात जाणार होतं.

संग्रहालयातल्या बाईंनी ते तळहातावर तोलत त्याची हकीकत सांगितली. हे पदक वरचे अधिकारी ठरवत नसत. तुकडीतले जवानच चिठ्ठ्या टाकून आपल्यातला शूर निवडत. अट एकच, माणूस जिवंत हवा. मेलेल्याला पडलेली मतं बाद. पण जवान कुठले ऐकायला! जो तो गमावलेल्या सोबत्याचंच नाव लिही. शेवटी सात वर्षांत पदकच बंद करून टाकलं.

"तुमच्या तुकडीनं मात्र नियम पाळला म्हणायचा," बाई हसून म्हणाल्या.

सासरे हसले नाहीत.

"मखमलीखाली बघ, सूनबाई. चिठ्ठ्या जाळायला माझ्याकडे दिल्या होत्या. एकेक वाच."

मखमल उचलताच पिवळ्या पडलेल्या घड्या हाताला लागल्या. पहिलीवर 'सुतार'. दुसरीवरही. सुताराला घरात कोण ओळखत नव्हतं? जखमी सासऱ्यांना खांद्यावर घालून ओढ्यापार आणणारा, आणि दुसऱ्याला आणायला गेला तो तिकडेच कामी आलेला. ती वाचत गेली. सुतार. सुतार. कुणाचं अक्षर वाकडं, कुणाचं ठसठशीत, नाव एकच. अख्ख्या तुकडीनं बाबांनाच निवडलं, असं नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आला होता.

शेवटची घडी उलगडली. 'मास्तर'.

तुकडीत सासऱ्यांना मास्तर म्हणत. आणि तो 'म' तर ती रोज बघत होती. लेकीच्या वहीत सासरे अजून अंदाजानं तोच काढून देत, पोट सुटलेला, आणि लेक खुदुखुदु हसे.

तिची मूठ आपोआप मिटली.

"किती झाल्या?" सासऱ्यांनी विचारलं.

"एकोणीस."

"आम्ही वीस जण उरलो होतो." काठीवरची त्यांची बोटं घट्ट झाली. "एक राहिलीय. इतकी वर्षं मला सांगायला जमलं नाही. तू वाच."

बाईंचं पेन कागदावर थांबलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे.

"नाहीये, बाबा," ती म्हणाली. "एवढ्याच आहेत."

सासऱ्यांनी सुस्कारा टाकला. सुटल्याचा की अडकल्याचा, ते तिला कळेना. तिनं चिठ्ठ्या गोळा करून बाईंपुढे सरकवल्या, एका हातानं, जरा घाईनंच.

तिच्या गुडघ्याला टेकून बसलेल्या लेकीनं मान वर केली.

"आई, मग तुझ्या मुठीत काय आहे?"