ठकीच्या दंडावरचा वळ

आंघोळ घालताना ठकीच्या दंडाच्या आतल्या बाजूला आईला काळानिळा वळ दिसला. इकडे अंगठा, पलीकडे बोटं. कुणीतरी घट्ट धरून ओढल्याशिवाय असं उमटत नाही.

"हे कुणी केलं गं?" तिच्या तोंडून निघून गेलं. ठकीनं पाण्यावर चापट मारली आणि हसली.

साडेतीन वर्षांची पोर, पण अजून बोलत नव्हती. 'मम' आणि 'ब' एवढीच पुंजी, आणि त्यातच तिचा सगळा संसार. कान तपासून झाले होते, ऐकू स्वच्छ येत होतं. सासूबाई म्हणायच्या, हिचा बापही उशिराच बोलला आणि मग तोंड मिटेना. उगाच लेकराच्या मागे लागू नका. ठकीला बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्टचं म्हणणं वेगळं होतं. अडचण नुसत्या बोलण्याची नाही, बोललेलं समजायलाही तिला जड जातं, असं ती म्हणाली होती. वेळ लागेल म्हणाली. किती, ते तिनं सांगितलं नाही.

नवरा बस चालवायचा. संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं वळ पाहिला आणि बूट न काढताच खाली बसला. सकाळी ठकीला तोच बालवाडीत सोडायचा, दुपारनंतर ती आजीपाशी असायची. म्हणजे विचारायचं तर कुणाकुणाला, आणि कसं?

दुसऱ्या दिवशी आई चष्म्याच्या दुकानातून अर्धी सुट्टी घेऊन बालवाडीत गेली. बाई भल्या होत्या. आपण काही पाहिलं नाही, मुलं एकमेकांना ओढतात, मदतनीसांना विचारते, म्हणाल्या. मग सवयीनं त्यांनी विचारलं, "तिनं घरी काही सांगितलं का?" आणि लगेच जीभ चावली.

घरी सासूबाईंना नुसतं विचारलं, तर त्या आतल्या खोलीत जाऊन बसल्या आणि जेवायला उठल्या नाहीत.

थेरपिस्टनं घरातल्या माणसांचे फोटो चिकटवून कार्डं करून दिली होती. बालवाडीतल्या बाईंचाही एक होता. नवऱ्यानं ती जमिनीवर मांडली, ठकीच्या दंडावर हलकेच बोट ठेवलं आणि विचारलं, "ठकी, बाऊ कुणी केला?"

ठकीनं आईच्या फोटोवर हात ठेवला.

त्यानं कार्डं उलटसुलट करून पुन्हा मांडली. ठकीनं पुन्हा आईच शोधून काढली, आणि शाबासकीसाठी दोघांकडे पाहिलं.

नवऱ्यानं कार्डं गोळा केली. मग तो हळूच म्हणाला, "परवा सकाळी तुला उशीर झाला होता. ती दारात आडवी पडली होती."

पडली होती खरी. आईनं तिला हाताला धरून उठवलं होतं. कुठल्या हाताला, किती जोरात, हे ती आठवत राहिली. जितकं आठवावं तितकं ते पुसट होत गेलं. तिला तर सगळे शब्द येत होते, तरी "मी नाही" एवढं तिच्या तोंडून निघेना.

थेरपिस्टनं ऐकून घेतलं. "'कोण' हा प्रश्नच तिला अजून कळत नाही," ती म्हणाली. "आवडीचा फोटो उचलला असेल."

"असेल?"

"नक्की कसं सांगू? या कार्डांतून ते कळायचं नाही."

दुसरी बालवाडी शोधून झाली. जिथं तिथं एकच उत्तर, मूल निदान शी-शू सांगायला लागलं की आणा. घरी बसवायचं तर कुणाच्या भरवशावर? शेवटी ठकी होती तिथंच जायला लागली. पहिल्या दिवशी आई स्वतः सोडायला गेली. फाटकाशी ठकीनं तिचा हात सोडला आणि आत धावत सुटली. त्यावरून जिवाला बरं वाटून घ्यावं, तर ही पोर दवाखान्यातही अशीच धावत शिरायची.

वळ हिरवट झाला, पिवळा पडला, मग गेला. सासूबाई पुन्हा जेवायला लागल्या, पण नातीला मांडीवर घेताना आधी सुनेकडे बघायच्या. नवऱ्यानं तो विषय परत काढला नाही. काढला असता तर बरं, असं तिला वाटायचं.

आता कामावरून आल्याआल्या ती ठकीला खिडकीपाशी नेते, कपडे काढते आणि उजेडात अंग न् अंग तपासते. मान, पाठ, काखा, पोटऱ्या. ठकीला हा खेळ वाटतो. आईची चाहूल लागली की ती आपणहून खिडकीपाशी जाते, दोन्ही हात वर करते आणि हसत गोल फिरते.